मामाचे भारी आणि माझे हलके

त्या वर्षी मी इतका पळालो की पंचवटीतल्या कुत्र्यांनी माझ्यामागे लागणं सोडून दिलं. सुरुवातीला ती भुंकत यायची. मग नुसती यायची. पुढे पुढे मी दिसलो की मान खाली घालून पडून राहायला लागली, कारण माझ्यामागे लागायचं म्हणजे आडगाव नाक्यापर्यंत जावं लागतं आणि परत येताना दुसऱ्या कुत्र्यांच्या हद्दी लागतात, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. मला हद्दी नव्हत्या. मला एक नोकरी हवी होती आणि ती पळाल्याशिवाय मिळणार नव्हती.

सिंहस्थ तोंडावर आला होता त्या सुमाराची ही गोष्ट. मी सातपूरच्या एका कारखान्यात ड्रिलिंग मशीनवर उभा असायचो. कारखान्यात होतो, पण कारखान्याचा नव्हतो, टेंपररी होतो. टेंपररी म्हणजे सहा महिने भरत आले की माणसाला पंधरा-वीस दिवस घरी बसवायचं, याला ब्रेक म्हणायचे, आणि परत बोलावून पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागायचं. माझे असे चार ब्रेक झाले होते. कसारा घाट उतरणाऱ्या ट्रकला नसतील इतके. ब्रेक लागला की आमचे वडील, म्हणजे अण्णा, सकाळी वर्तमानपत्राची घडी उलटी करून, 'पाहिजेत'चं पान वर येईल अशा बेताने, माझ्या चहाशेजारी ठेवत. अण्णा शाळामास्तर. आयुष्यभर पोरांवर ओरडलेला माणूस, पण घरात अक्षर काढत नसे. त्या घडीला मी जेवढा भ्यायलोय तेवढा सुपरवायझरला कधी भ्यायलो नाही.

आमच्या मोठ्या साहेबांना खेळाचं वेड होतं. वसाहतीतल्या सगळ्या कारखान्यांची मिळून थंडीत एक शर्यत व्हायची, सातपूरहून त्र्यंबकच्या रस्त्याने महिरावणीपर्यंत आणि परत. अंतर बारा किलोमीटर, असं लावणाऱ्यांचं म्हणणं. माझ्या पायांनी मोजलं तेव्हा ते चाळीस भरलं. या शर्यतीत आमचा कारखाना दरवर्षी इतका मागे पडायचा की आमची माणसं परत येईपर्यंत बक्षीस समारंभाच्या खुर्च्या टेंपोत चढलेल्या असायच्या. साहेबांना ते फार लागलं. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये येऊन सांगितलं, की या वर्षी आपल्या टेंपररींपैकी जो सगळ्यांत पुढे येईल त्याला यापुढे ब्रेक नाही. तो परमनंट. जागा मात्र एकच.

आम्ही चाळीस टेंपररी होतो. चाळीसच्या चाळीस जणांनी ताटातला भात अर्धा टाकला आणि उठले. पुढचा आठवडाभर वसाहतीत कोणी चालताना दिसलं नाही. पाणी प्यायलाही माणसं धावत जायची. मग एकेकाचा गुडघा बोलायला लागला, एकेकाची बायको बोलायला लागली, आणि पंधरा दिवसांत खरे पळणारे दोघेच उरले. एक मी आणि दुसरा मनमाडचा.

हा मनमाडचा रोज रेल्वेने नाशिकरोडला यायचा आणि तिथून सिटी बसने सातपूरला. गाडी वेळेवर आली असं कधी व्हायचं नाही, म्हणून त्याने फलाटापासून बसथांब्यापर्यंत आणि बस चुकली तर पुढच्या थांब्यापर्यंत पळायची सवय लावून घेतली होती. तीन वर्षं रोज. त्याने आपल्या पायाने बस गाठून ड्रायव्हरला मागे टाकल्याचं मी स्वतः पाहिलंय, निदान पाहणारा मला भेटलाय. त्याच्या घरी आई, दोन बहिणी आणि पेन्शनीत निघालेले वडील. तो मला 'नाशिक' म्हणायचा, मी त्याला 'मनमाड'. जंक्शनला नावाने कोण हाक मारतं. त्याच्याकडे पांढरे कॅनव्हासचे बूट होते, रोज खडू लावून चकचकीत केलेले. माझ्याकडे चपला होत्या, आणि माळ्यावर टाकलेला एक फाटका कॅनव्हासचा जोड.

बूट घ्यायचे तर शर्यतीचे घ्यायचे हे मी ठरवलं होतं. वसाहतीतल्या एका परमनंट खेळाडूकडे मी तसले पाहिले होते. हातात घेतले तर हातात काही आहे असं वाटत नव्हतं. नाशकाच्या मेन रोडवर मी दुकानं पालथी घातली. दुकानदार म्हणाले, असला बूट आम्ही ठेवत नाही, कारण गिऱ्हाईकाला वाटतं खोकं रिकामं दिलं. म्हणून मी मुंबईच्या मामाला अंतर्देशीय लिहिलं. मामा गोदीत मुकादम होता. जगातला सगळा माल त्याच्या डोळ्यांखालून जायचा. मी लिहिलं: "मामा, मला शर्यतीसाठी हलके बूट हवे आहेत. नाशकात मिळत नाहीत."

बस्स, एवढंच लिहिलं. लेखणीला काटकसर करायची नसते हे मला त्या दिवशी कोणी सांगितलं नाही.

मामाचं उलट टपाली पत्र आलं ते आईने ओट्याशी उभं राहून मोठ्याने वाचलं. मामाने लिहिलं होतं, की हलके बूट नाशकात मिळत नाहीत यावर माझा विश्वास नाही, हलक्या मालाला नाशिक कधी कमी पडल्याचं ऐकिवात नाही. पण आमची बहीण तिकडे दिली म्हणून भाच्याने हलकं वापरावं असं कुठे लिहिलेलं नाही. मामा अजून जिवंत आहे. भारी घेतलेत. पार्सल मागाहून येत आहे. ता. क. वाढत्या अंगाचे घेतलेत.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. माझं अंग वाढायचं थांबून पाच वर्षं झाली होती. पण आमच्याकडे कुठल्याही मामाने कुठल्याही भाच्याला मापाची वस्तू दिल्याची नोंद नाही.

पार्सल आलं. पोस्टमनने ते दारात ठेवलं आणि दोन मिनिटं उंबऱ्यावर बसला. बूट पळायचेच होते, त्यात वाद नाही. खोक्यावर पळणाऱ्या माणसाचं चित्र होतं आणि त्याच्या चेहऱ्यावर असह्य वेदना होत्या. जाड कॅनव्हास, पुढे चामड्याची टोपी, टाचेला रबराची वीट, आणि तळ असा की त्यावर एखाद्या ट्रॅक्टरने नाशिक-धुळे करावं. मामाने दुकानदाराला सांगितलं असणार, सगळ्यांत भारी दाखव. दुकानदाराने त्या शब्दाचे दोन्ही अर्थ एका जोडीत बसवून दिले. माझ्या अंगठ्यापुढे एक बोट आणि टाचेमागे दीड बोट जागा राहत होती. आई म्हणाली, मोजे घाल. मी दोन घातले. आई म्हणाली, आता बरोबर. तिला भावाचे बूट कुठे कमी पडलेले चालणार नव्हते.

मग मी त्यातच पळायला लागलो. दुसरा इलाज नव्हता आणि शर्यतीला चार महिने होते. पहाटे गंगेकाठाने, म्हणजे आमच्या गोदावरीकाठाने, निघायचं, आडगाव नाक्याला शिवून परत, आंघोळ, कारखाना. आवाज असा व्हायचा की टांग्याचे घोडे मला पाहून ओळख दाखवायला लागले. आमच्या गल्लीतल्या एका गुरुजींनी अण्णांना विचारलं, की मुलगा रोज एवढ्या पहाटे काय कांडतो. पहिल्या महिन्यात माझ्या मांड्या दुखल्या. दुसऱ्या महिन्यात त्या बधिर झाल्या. तिसऱ्या महिन्यात मला कळलं की मी बूट काढून जिना चढताना दोन-दोन पायऱ्या सोडतोय आणि माझ्या ते लक्षातही येत नाहीये. मामाच्या बुटांनी मला घडवलं, हे मी आज लिहून देतो. पण ते घालून मी मनमाडच्या पुढे जाऊ शकत नव्हतो. कारखान्याच्या मागच्या मैदानावर आम्ही दोघं दर शनिवारी पळून बघायचो आणि दर शनिवारी मी त्याच्या पाठीवरचा घामाचा नकाशा बघत यायचो. तो थांबून म्हणायचा, नाशिक, तू पळतोस छान, पण घर बरोबर घेऊन का पळतोस.

म्हणून मी बाजाराशेजारच्या बूट शिवणाऱ्या काकांकडे गेलो. हे गृहस्थ माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. पायाकडे बघत आणि पायाशीच बोलत. मी माझा जुना फाटका कॅनव्हासचा जोड पुढे ठेवला, हौसेने वापरून टाकून दिलेला, आणि म्हटलं याचा शर्यतीचा बूट करून द्या. या वेळी मी शहाणा झालो होतो. वजनाला हलका, असं स्पष्ट सांगितलं.

काका माझ्या डाव्या पायाला म्हणाले, "हलकं करायचं म्हंजे काय घालायचं नसतंय, काढायचं असतंय. काय काढू त्ये तू सांग. माझ्या मनानं काढलं तर उद्या म्हनशील बूट चोरला."

अशी आमची बैठक बसली. ते एकेक वस्तू बोटाने दाखवायचे आणि मी हो-नाही म्हणायचो. जीभ काढू? काढा. आतलं अस्तर? काढा. पत्र्याच्या टिकल्या? काढा. तळाचं रबर निम्मं? पूर्ण काढा आणि पातळ क्रेप लावा. टाच काढू का म्हणाले तेव्हा मी म्हटलं, अर्थात. त्यावर ते, टाच काढली की पोटरी बोंबलते, असं म्हणाले. मी म्हटलं बोंबलू दे. आणि निघताना त्यांनी शेवटचं सांगितलं, की हा बूट एका शर्यतीचा आहे. रोज घातलास तर गुरुवारपर्यंत नुसत्या नाड्या राहतील.

चौथ्या दिवशी जोड तयार झाला. शेजारच्या भाजीवाल्या मावशीला मी विनवलं की दोन्ही जोड तागडीत घालून दाखव. तिने आधी माझ्या सात पिढ्यांचा समाचार घेतला, मग तागडीत गोणपाट टाकलं, आणि मग तिलाही उत्सुकता आवरेना. मामाचा एक बूट म्हणजे एक गड्डा कोबी, वर दोन वांगी. माझा एक बूट मेथीच्या जुडीसमोर टाकला तर जुडी खाली गेली. बाजारात बघ्यांची गर्दी जमली. एकाने विचारलं, हा कसा दिला.

आता खरा प्रश्न उभा राहिला, आणि तो वाटतो तेवढा सोपा नव्हता. हलके घालून मी मैदानावर एकदा पळून पाहिलं तर मी उडालोच. पण त्र्यंबकचा रस्ता म्हणजे मैदान नव्हे. सिंहस्थासाठी रस्ता रुंद करायचं काम निघालं होतं, आणि सातपूरहून सुटल्यावर पहिला दीड किलोमीटर नुसती खडी पसरलेली होती. अंड्याएवढी, धारेची, रोलर न फिरलेली. रोलर कडेला उभा होता, पण त्याचा ड्रायव्हर कोणी पाहिला नव्हता. त्या खडीवर माझे हलके बूट म्हणजे पापड. आणि जाताना जी खडी, तीच येताना शेवटी. मध्ये मात्र गुळगुळीत डांबर. खडीवर मामाचे पाहिजेत, डांबरावर माझे पाहिजेत, आणि पाय दोनच.

मी एका रविवारी एका पायात भारी आणि एका पायात हलका घालून पाहिला. दोन्हींचा फायदा मिळेल असा हिशेब होता. उजवा भारी असल्यामुळे मी सगळा वेळ उजवीकडे वळत राहिलो. मला जायचं होतं सरळ आडगाव नाक्याला, आणि सरळच पळतोय अशी माझी खात्री होती. थांबलो तेव्हा गंगेच्या पाण्यात घोट्याएवढा उभा होतो आणि एक बाई धुणं बाजूला घेत मला विचारत होती, तुम्हाला कुठे जायचंय.

शर्यतीच्या आदल्या दिवशी मामा आला. खास रजा काढून. माझे बूट पळताना बघायला आलोय म्हणाला. भाचा पळताना बघायला, असं म्हणाला नाही. त्याने चहा घेतला, घरभर नजर फिरवली, आणि कोनाड्यात ठेवलेला हलक्यांचा जोड त्याच्या नजरेला पडला. त्यातला एक त्याने दोन बोटांत, उंदराची शेपटी धरावी तसा, उचलला.

"हे कोणाचं?" त्याने आईला विचारलं. मला नाही.

आई म्हणाली, त्यानेच करून घेतलेत. मामाचं तोंड उतरलं. तो एवढा धिप्पाड माणूस, गोदीत शंभर हमाल त्याच्या शिट्टीवर हलायचे, पण त्या क्षणी बारशाला न बोलावलेल्या आत्यासारखा दिसायला लागला. म्हणाला, म्हणजे माझ्या बुटात काहीतरी हलकं निघालं. मी म्हटलं मामा, हलकं काही निघालं नाही, तीच तर अडचण आहे. मग मी त्याला सगळं सांगितलं. पत्रात मला काय म्हणायचं होतं ते, मनमाडचा, खडी, ब्रेक. ब्रेकचं सांगताना अण्णा आत निघून गेले.

मामाने हातातला बूट खाली ठेवला. मग म्हणाला, "वजनाला हलके, असं लिहायचं होतंस की रे. एक शब्द जास्त पडला असता तर पोस्टाने काही पत्र परत केलं नसतं."

मग त्याने दोन्ही जोड पुढ्यात घेतले आणि गोदीतला माणूस करील तेच केलं. गोदीत म्हणे रिकामी जागा पाप मानतात. मोठ्या खोक्यात पोकळी दिसली की लहान खोकं आत गेलंच पाहिजे. त्याने मोठ्या बुटाच्या टाचेमागची पोकळी अंगठ्याने चाचपली, माझा हलका बूट उचलला आणि आत सारला. तो बसला. म्यानात सुरी बसावी तसा बसला. मामाने माझ्याकडे पाहिलं, मी मामाकडे पाहिलं, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा वाढत्या अंगाच्या वस्तूंबद्दल आदर वाटला.

बेत असा ठरला. मी पायात हलके घालणार, त्यावरून भारी. नाड्या सैल. खडी संपते तिथे मामा उभा राहणार. मी तिथे भारी लाथाडून देणार आणि डांबरावर हलक्यांनी पळणार. परत येताना मामा तिथेच नाड्या सोडून भारी तयार ठेवणार, मी पाय घालणार, आणि शेवटची खडी तुडवत आत येणार. मामाने हा बेत तीनदा पाठ म्हणून घेतला, जणू जहाज भरायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुटलो तेव्हा दीडशे माणसं असतील. खडी लागली आणि सगळ्यांचं पळणं बंद होऊन भरतनाट्यम सुरू झालं. जो तो खाली बघून पाय टाकत होता. मी मात्र मामाचे बूट घालून त्यांच्यामधून असा गेलो की रोलरचा ड्रायव्हर सापडला असं लोकांना वाटलं. माझ्यामागून येणाऱ्या काहींनी तर माझ्या पावलांच्या खुणांत पाय टाकले. तिथे खडीची वाळू झाली होती. खडी संपली तेव्हा मी पहिला होतो. मामा दिसला. मी डावा लाथाडला, तो त्याने झेलला. उजवा लाथाडला, तो द्राक्षाच्या बागेत गेला आणि मामा त्याच्यामागे.

मग डांबर. चार महिने पायाला कोबी बांधून पळणाऱ्याने एकदम मेथीत पळावं, तर काय होतं ते सांगून पटायचं नाही. पाय जमिनीला लागतायत का हे मी खाली बघून खात्री करून घेत होतो. महिरावणीला वळायच्या जागी एक माणूस हातावर शिक्का मारायला बसला होता. तो पहिल्या माणसाची वाट बघत चहा पीत होता, आणि त्याचा चहा संपायच्या आत मी शिक्का घेऊन निघालोसुद्धा.

वळल्यावर दोनेक किलोमीटर झाले असतील, आणि पोटऱ्या बोंबलल्या. काकांनी सांगितलं होतं तशाच. टाच नसलेल्या बुटाने सगळा भार पोटऱ्यांवर घेतला होता आणि आता तिथे कोणीतरी आतून पिळे मारत होतं. मी पळत होतो, पण पाय माझे नव्हते. दुसऱ्या कारखान्यांचे दोघे मला टाकून पुढे गेले. मागून पावलं आली. एकसारखी, न चुकणारी, रोज बस गाठणारी पावलं. मनमाडने मला बाजूने जाताना काही टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने नुसतं माझ्याकडे बघितलं आणि पुढे गेला.

खडी दिसायला लागली तेव्हा तो माझ्यापुढे तीस पावलं होता. मामा ठरल्या जागी गुडघ्यावर बसला होता, दोन्ही बूट समोर, नाड्या सोडलेल्या, जिभा बाहेर ओढलेल्या. मी मनात मोजत होतो. थांबायचं, दोन्ही पाय घालायचे, निघायचं. तोवर तिसाची साठ पावलं होणार. नाही थांबलो तर दीड किलोमीटर खडी आणि पायाखाली पापड. माझा वेग कमी झाला. मामाने माझ्याकडे पाहिलं, मग मान वळवून मनमाडच्या पाठीकडे पाहिलं. गोदीतला माणूस, अंतर नजरेने मोजणारा. त्याने दोन्ही बूट उचलले आणि मागे बागेत फेकून दिले.

"पळ," तो म्हणाला. "हलक्यातच पळ."

पहिल्या दहा पावलांतच मला खडी तोंडपाठ झाली. पुढे मनमाड कडेच्या मातीच्या पट्ट्यावर जागा बघून, पाय निवडून पळत होता, आणि ते अगदी शहाणपणाचं होतं. जागा बघायची तर मान खाली जाते, आणि मान खाली गेली की पाऊल आखूड पडतं. मी ठरवलं की बघायचंच नाही. रस्त्याच्या मधोमध, समोर कारखान्यांच्या पाण्याच्या टाक्या दिसत होत्या त्यांच्याकडे नजर लावली आणि सरळ गेलो. खाली जे येईल त्यावर पाय. दुखलं का? दुखलं. इतकं की पोटऱ्यांचे गोळे लाजून निघून गेले. मी प्रत्येक पावलाला एक ब्रेक मोजत होतो: पहिला ब्रेक, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा नाही. पुन्हा पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा नाही. हे मी वाढवून सांगत नाहीये. दीड किलोमीटर मी दुसरं काही म्हटलं नाही.

उजव्या बुटाचा तळ अर्ध्यात सुटला. डाव्याचा आधीच गेला होता, कुठे ते माहीत नाही. शेवटी वरचं कॅनव्हास आणि नाड्या एवढंच माझ्या पायात होतं, आणि काकांचा अंदाज गुरुवारऐवजी रविवार सकाळवर आला होता. मनमाडला मी फाटकापाशी गाठलं. त्याने मान वर केली, मला पाहिलं, आणि जोर लावला; पण त्याच्या आणि माझ्यामध्ये एक खडीचा ढीग होता. तो वळसा घालून गेला. मी ढिगावरून गेलो.

एका हाताच्या अंतराने मी पुढे होतो. दीडशे माणसांत तिसरा, पण आमच्या चाळीसांत पहिला. साहेब नाचायचे बाकी होते. ते माझा हात हातात घेऊन काय काय बोलले ते मला आठवत नाही, कारण मामा दोन्ही हातांत आपले बूट घेऊन, अंगाला द्राक्षाच्या वेली लागलेल्या, गर्दी कापत येत होता आणि भेटेल त्याला सांगत होता, की हे बूट पायात नाहीत म्हणून जिंकला. ऐकणाऱ्याला ती स्तुती आहे की निंदा हे कळत नव्हतं.

घरी आईने गरम पाण्यात हळद टाकून माझे पाय बुडवले आणि मामाने सुईने एकेक कण काढला. वाटीभर निघाले. मामा म्हणाला, एवढ्यात सरकारचा एक खड्डा बुजेल. अण्णा जवळ येऊन बसले. त्यांच्या हातात वर्तमानपत्र होतं, सरळ घडीचं. त्यांनी पहिल्या पानावरची बातमी मला वाचून दाखवायला सुरुवात केली, कसल्याशा पाणीटंचाईची होती, आणि शेवटपर्यंत वाचली.

सोमवारी कारखान्यात पत्र मिळालं. मनमाडचा ब्रेक पुढच्याच आठवड्यात लागणार होता. तो जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन माझ्यासमोर बसला. त्याने अभिनंदन केलं नाही, मीही तशी अपेक्षा ठेवली नव्हती. डब्याचं झाकण काढत म्हणाला, "नाशिक, तू दगडावरनं सरळ आलास. मी बघत बसलो, कुठं पाय टाकू."

मी म्हटलं, हो. मग त्याने विचारलं, सुरुवातीला भारी बूट दिसले होते, महिरावणीला हलके कसे. मी त्याला सगळं सांगितलं: पत्र, मामा, कोबी, मेथी, बुटात बूट. एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. त्याने शांतपणे पोळीचा तुकडा मोडला आणि म्हणाला, सांगायचं नसेल तर सांगू नकोस, पण असल्या थापा मारू नकोस. शेवटी मला त्याला त्याच्या ब्रेकमध्ये पंचवटीत बोलवावं लागलं. तो मनमाडहून आला, मी काकांपुढे त्याला बसवलं, भाजीवाल्या मावशीने साक्ष दिली. काकांनी त्याच्या पायाकडे पाहिलं आणि मला बाजूला व्हायला सांगितलं, सावली पडते म्हणून.

पुढच्या वर्षी साहेबांनी पुन्हा तीच घोषणा केली, जागा पुन्हा एकच. तोवर सिंहस्थ होऊन गेला होता, रस्ता आरशासारखा झाला होता. मनमाडने काकांकडून टाच ठेवून बूट करून घेतले होते. पोटरी म्हणजे काही डोकं नव्हे, आपटून शिकायला, असं त्याचं म्हणणं. शर्यतीआधीच्या सहा महिन्यांत आम्ही दोघं रोज सुटी झाल्यावर महिरावणीपर्यंत जाऊन यायचो. मी मामाचे भारी घालून त्याच्या मागे, तो हातात घड्याळ धरून पुढे. शर्यतीत मला उतरायचं काहीच कारण नव्हतं. परमनंट माणसाला पळून काय मिळणार होतं. तरी उतरलो.

तो पहिला आला. चाळीसांत नव्हे, सगळ्यांत. मी चौथा आलो, आणि तो साहेबांच्या शेजारी उभा असताना मला त्याच्याबद्दल आनंद झाला हे जेवढं खरं, तेवढंच हेही खरं की चौथा आल्याचं मला रात्रभर वाईट वाटलं. टेंपररी होतो तेव्हा असल्या गोष्टीचं वाईट वाटून घेणं मला परवडलं नसतं.